ओढ की सोड

दगड कापण्याच्या त्या कारखान्यात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. कागदोपत्री ती सुरक्षा अधिकारी होती, पण शेडमध्ये लहानथोर सगळे तिला सांभाळूनबाई म्हणत. कोणी शिडीवर चढलं की ती म्हणायची, सांभाळून. कोणी पाण्याची नळी ओलांडली की, सांभाळून. एकदा मॅनेजर नुसते खुर्चीवरून उठले, तरी हिच्या तोंडून निघून गेलं, सांभाळून. ते पुन्हा बसले आणि वाकून खुर्चीचे पाय तपासायला लागले.

घरी तरी काय वेगळं होतं? मुलगी कॉलेजला निघाली की ही दारात उभी. सांभाळून जा, सांभाळून ये, पोहायला गेलीस तर खोल पाण्यात सांभाळून. मुलगी चपला घालता घालता म्हणायची, "आई, मी जन्मले तेव्हा तू पहिला शब्द काय बोललीस, सांगू?"

"काय?"

"सांभाळून. डॉक्टरांना म्हणालीस."

स्वभावाला औषध नाही म्हणतात. लहानपणीसुद्धा रोज निजायच्या आधी गॅसचं बटण बघायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं, आणि आई तिला 'आमची चौकीदारीण' म्हणायची. पुढे विज्ञानाची पदवी झाली, लग्न झालं, मूल झालं, आणि मूल जरा मोठं झाल्यावर तिने कारखान्यांतल्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केला. काळजी करण्याचा पगारही मिळतो हे कळल्यावर तिला हसूच आलं होतं. घरात जी खोड, ती इथे हुद्दा.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला मोठ्या करवती, त्यांच्यावर सतत पाण्याची धार, खाली दुधासारखा पांढरा चिखल. दुसऱ्या टोकाला लाद्यांच्या कडा घासायचं काम, ते कोरडं. तिथे धुळीचा असा धूर व्हायचा की माणसं भुवयांपासून म्हातारी दिसायची. त्या कामावरचे एक काका होते. खोकत खोकत काम करायचे. एक दिवस तिच्या केबिनच्या चार पायऱ्या चढून आले, दाराची चौकट धरून उभे राहिले आणि बोलायला तोंड उघडलं तर शब्दच निघेना, नुसता श्वास. त्यानंतर ते कामावर आले नाहीत.

तिने तेव्हाच मनाशी ठरवलं. आधी फुप्फुसं, मग बाकी सगळं. कान, पाठ, डोळे यांचा नंबर मागाहून. करवतींचा आवाज काही कमी नव्हता, पण सगळंच एकदम मागितलं तर मालक काहीच देत नाहीत, हा तिचा अनुभव होता. तिने मास्क मागितले. फडकी नव्हे, चांगले, धूळ अडवणारे मास्क. मालकांनी बरेच दिवस टोलवाटोलवी केली, पण ही चिकट. मिळवले तिने.

मग माणसांची समजूत काढणं आलं. "मास्क लावून बँक लुटायचीय का, बाई?" "थुंकायचं कुठे?" "बायकोने घरात तोंड बांधलंय, तुम्ही इथे बांधा." प्रत्येकाला ती उत्तर देत राहिली, आणि शेवटी एका सोमवारी शेडच्या दारात उभं राहून बघते तर एकजात सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तिचे डोळे भरून आले. कोणी बघितलं तर धूळ म्हणून सांगायचं, असंही तिने ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात लादी उसळली.

लाद्या उचलायचं काम दोघांचं असे. वरच्या रुळावर एक कप्पी, तिला साखळी, साखळीला चिमटा, चिमट्यात उभी लोंबणारी लादी. एक जण जरा लांब उभा राहून साखळी चालवणार. एक पदर खेचला की लादी वर, दुसरा खेचला की खाली. दुसरा माणूस लादीला हात लावून तिला नेमकी घोडीवर बसवणार. घोडी म्हणजे लाद्या तिरक्या टेकवून ठेवायची लोखंडी चौकट. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तो हाक देणार. वर हवी तर 'ओढ', खाली हवी तर 'सोड'. शेड उभी राहिली तेव्हापासून हेच दोन शब्द.

ही जोडी दोन साडूंची होती. थोरला साखळीवर, धाकटा घोडीवर. एरवी धाकटा थोरल्याला अहो-जाहो करायचा, पण साखळीवर सगळं अरे-तुरे. "'ओढा, साहेब' म्हणेपर्यंत लादी माझ्या पायावर यायची," असं तोच म्हणायचा.

थोरल्याला शेडमध्ये गंमतराव म्हणत. माणूस उंच, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं सगळं तिरपागडं. विचारावं एक, सांगणार दुसरंच. कोणी विचारलं, "साबण कुठाय?" तर म्हणणार, "आपण इथंच की." जेवायच्या सुट्टीत त्याच्या असल्या उत्तरांनी हसून हसून माणसं घास विसरायची. त्याच्या बायकोची बहीण धाकट्याला दिलेली. दोन्ही घरांचं जाणं-येणं, देणं-घेणं, रुसवेफुगवे, सगळं रीतसर होतं.

त्या दिवशी लादी घोडीच्या फळीला जेमतेम टेकली होती. धाकट्याने हाक दिली आणि लादी खाली यायच्या ऐवजी वर गेली. खालची कड फळीवरून सुटली आणि झोपाळ्यासारखी त्याच्या नडगीवर आली. त्याने मागे उडी मारली म्हणून पाय वाचला. लादी लोखंडावर आपटली आणि तिचा कोपरा उडाला.

सांभाळूनबाई धावत आली तेव्हा धाकटा जमिनीवर बसलेला, मास्क गळ्यात, चेहरा लादीपेक्षा पांढरा.

"मी सोड म्हणालो, बाई. आईच्यान, सोड म्हणालो."

गंमतराव साखळी धरून तसाच उभा. "ओढ म्हणाला. म्हणून ओढली."

"मी ओढ कशाला म्हणेन? पाय मला जड झालेत?"

"ते मला काय ठाऊक. ओढ म्हणालास, ओढली."

तिने जवळच्या करवतवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दोघांची तोंडं बांधलेली, बाई. कोण काय बोललं ते देवालाच ठाऊक." ती मान हलवून पुढे गेली. हे वाक्य तेव्हाच कानात ठेवलं असतं तर पुढचा घोळ वाचला असता, पण तेव्हा तिला वाटलं, हा पण मास्कवरच खापर फोडतोय.

दोघांपैकी एक जण खोटं बोलत असेल तर गोष्ट सोपी होती. पण तिला दोघांचेही डोळे खरे वाटत होते. तिने कप्पी तपासली, साखळीला तेल आहे का बघितलं, चिमट्याचे दात, दिवे, सगळं बघितलं. सगळं जिथल्या तिथे.

कानांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. तिने गंमतरावला केबिनमध्ये बोलावलं. समोर बसवलं, मास्क काढून ठेवला आणि मुद्दाम अगदी हळू आवाजात विचारलं, "चहा घेणार?"

"घेईन की. साखर कमी."

"झोप नीट लागते?"

"लागते. बायको म्हणते घोरतो. मी तर कधी ऐकलं नाही."

कान ठणठणीत. तिने तो विचार मनातून पुसून टाकला. आणि मग तिला काहीच सुचेना.

सुचवायला बाकीचे होतेच. करवतवाला दुपारी तिच्या केबिनच्या दारात रेंगाळला. "बाई, आतली गोष्ट सांगू? साडूंचं बिनसलंय."

"कशावरून?"

"धाकट्याच्या मुलाचं लग्न झालं ना परवा. सगळे जमले होते घरी. धाकट्याची बायको आतून विचारते, भाऊजी, सून कशी वाटली? तर हा गंमतराव सगळ्यांदेखत म्हणतो, फार कडक आहे बाई, डोकं धरलं माझं. नवी नवरी समोर उभी. आता काय सांगायचं? दोघी बहिणी बोलत नाहीत एकमेकींशी."

"गंमत केली असेल."

"सगळे आधी तसंच म्हणाले. पण नव्या सुनेवर कोण गंमत करतं? आणि वर लादी. दोन आणि दोन चार होतात, बाई."

तिला ते चार काही पटत नव्हते. पण मॅनेजरांना पटले. ते म्हणाले, "घरचं भांडण कारखान्यात आणलंय त्याने. उद्या माणूस मेला तर? शनिवारी मालक येतायत. चूक कोणाची, मला एक नाव द्या."

"साहेब, मला थोडा वेळ द्या. काहीतरी कळत नाहीये."

"तुम्हाला कळत नाही, त्याला कळतंय. नाव तुम्ही दिलं नाहीत तर मी देतो." वर म्हणाले, "आणि ते मास्क आल्यापासून माणसं घुसमटलीत, हेही ऐकतोय मी."

ती बाहेर आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नाव दिलं तर निवृत्तीला आलेला माणूस घरी बसणार, कपाळावर 'साडूच्या जिवावर उठला' असा शिक्का घेऊन. नाही दिलं आणि उद्या पुन्हा लादी उसळली तर धाकट्याचा पाय जाणार, आणि तो पाय हिच्या मानेवर बसणार.

घरी तिने मुलीला सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "शिट्टी दे ना त्याला. एक शिट्टी वर, दोन शिट्ट्या खाली. शब्दांचा प्रश्नच नाही."

किती सोपं. तिने दुसऱ्याच दिवशी चांगली, कर्णकर्कश शिट्टी आणली आणि मास्कमधूनच दोघांना शिट्ट्यांचा हिशोब समजावला. धाकट्याने मास्क हनुवटीवर ओढून दोन शिट्ट्या मारल्या. शेडमधल्या साऱ्यांनी कानांवर हात ठेवले. गंमतराव मात्र खांबासारखा उभा. नजर लादीवर, हात साखळीवर. धाकट्याने पुन्हा शिट्टी मारली. पुन्हा मारली. गाल फुगून लाल झाले. लादी अधांतरी लोंबतेय आणि हा ढिम्म.

"अरे बोल की काहीतरी," गंमतराव म्हणाला, "नुसता फुगतोस काय?"

शेड हसली. धाकटा नाही हसला. त्याने शिट्टी चिखलात फेकली. "बघितलंत ना, बाई? आता तरी बघितलंत? माझी थट्टा चाललीय. माझ्या सुनेची झाली, आता माझी." आणि तो सरळ नळावर जाऊन तोंड धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला.

मॅनेजर दारातून बघत होते. नुसतं बोट वर करून त्यांनी शनिवारची आठवण दिली.

सांभाळूनबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हणजे हा खरंच मुद्दाम करतो? साऱ्या शेडने ऐकलेली शिट्टी याला ऐकू येत नाही, आणि केबिनमध्ये कुजबुजलेला चहा ऐकू येतो? माणूस इतका नाटकी असतो? पण मग त्याच्या चेहऱ्यावर तो भांबावलेला भाव कसला होता? ज्याने थट्टा केली तो असा दिसत नाही. थट्टा झाली तो असा दिसतो.

कारखान्याच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गंमतरावच्या घरी गेली. तपास म्हणून गेली की काळजी म्हणून, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. दोन खोल्यांचं, नीटनेटकं घर. गंमतराव खिडकीपाशी पाठमोरा बसून मोडक्या छत्रीच्या काड्या तारेने बांधत होता. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा दचकला.

"बाई, तुम्ही? दार वाजवायचं तरी."

"वाजवलं. तुमच्या बायकोनेच उघडलं."

बायको आतून पाणी घेऊन आली, बसा म्हणाली, आणि पुन्हा चहा टाकायला गेली. नवऱ्याच्या नोकरीचं काय होणार हे विचारायचं होतं तिला, पण धीर होत नव्हता. कपबशांचा आवाज करत राहिली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. त्यांची स्वतःची सून कामावरून यायची वेळ होती.

बायको आतूनच म्हणाली, "अहो, सून आली वाटतं."

गंमतराव मान वर न करता म्हणाला, "ऊन कुठलं? आभाळ आलंय."

बायको हसत बाहेर आली. "बघा. असं चाललेलं असतं आमच्याकडे. यांना हवामान खात्यातच नोकरी द्यायला हवी होती. सुनेचं नाव काढलं की यांचं ऊन सुरू."

सांभाळूनबाईही हसली. आणि हसता हसता थांबली.

सून कशी वाटली? फार कडक आहे बाई, डोकं धरलं माझं.

ऊन.

तिने पर्समधून मास्क काढला. शेडमधला होता, तिच्याकडे नेहमी एक जास्तीचा असे. तो तिने तोंडावर चढवला आणि त्याच्या समोर जाऊन, रोजच्या आवाजात म्हणाली, "सोड."

गंमतरावने हातातल्या छत्रीकडे बघितलं. "काय ओढू?"

तिने मास्क खाली केला आणि त्याच आवाजात पुन्हा म्हणाली, "सोड."

"सोडली," तो म्हणाला आणि त्याने छत्री खाली ठेवली. मग त्याने तिच्याकडे बघितलं, मास्ककडे बघितलं, आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे. त्याची नजर कुठे असते, हे तिने आज पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळ्यांकडे नसते. ओठांकडे असते.

बायकोच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. "म्हणजे काय, बाई?"

गंमतरावच बोलला, छत्रीची तार बोटाला गुंडाळत. "ऐकू येतं हो मला. अगदीच येत नाही असं नाही. शब्द येतो. पण बिनडोक्याचा येतो. धड येतं, डोकं गळून पडतं. मग मी अंदाजाने बसवतो एखादं. कधी बसतं, कधी लोक हसतात. लोक हसले की मीही हसतो."

"आणि आम्ही इतकी वर्षं..." बायको म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "मी चारचौघांत सांगत हिंडते, आमचे हे फार विनोदी."

"तुला आवडायचं ना. म्हणून चालू दिलं."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?" सांभाळूनबाईने विचारलं.

"जाऊन काय? बहिरा म्हटलं की लोक मोठ्याने बोलतात आणि कमी बोलतात. विनोदी माणसाशी जास्त बोलतात."

तिला ओशाळल्यासारखं झालं. शेडमधला आवाज तिला रोज ऐकू येत होता. आधी फुप्फुसं, मग कान, असा नंबर तिनेच लावला होता. आणि फुप्फुसांसाठी जो मास्क आणला, त्याच मास्कने या माणसाचे उरलेसुरले कान झाकले. कारण त्याचे कान धाकट्याच्या ओठांवर होते. 'सोड' म्हणताना आधी दात दिसतात, 'ओढ' म्हणताना ओठ थेट गोल होतात. इतकी वर्षं त्या एवढ्याशा फरकावर लाद्या खाली उतरत होत्या, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही नीटसं नव्हतं.

"मग मास्क काढायला सांगू का सगळ्यांना?" ती म्हणाली. आपण हे विचारतोय यावर तिचाच विश्वास बसेना.

गंमतरावने जोरात मान हलवली. "ते नका करू, बाई. कडा घासणारे काका खोकायचे ना, तो आवाज मला नीट ऐकू यायचा. खालच्या पट्टीतले, जाड आवाज येतात मला. तो रोज यायचा." मग छत्री उचलत म्हणाला, "मॅनेजरला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. पण साडूला आधी मी सांगतो."

शनिवारी सकाळी शेडबाहेरच्या नळावर त्याने धाकट्याला गाठलं. सांभाळूनबाई जरा लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. करवती अजून सुरू झाल्या नव्हत्या.

"साडू, माझ्या समोर ये आणि तोंड धुणं थांबव," गंमतराव म्हणाला. "मला पाठीमागून ऐकू येत नाही."

"आज कसली गंमत?"

"गंमत नाही. मला तुझं सोड ऐकू येत नाही. ओढच येतं. बाईंनी पकडलं मला."

धाकट्याने बाईकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याने हात पँटला पुसले. त्याच्या चेहऱ्यावर राग उभा होता, पण त्याला बसायला जागा सापडत नव्हती.

"आणि शिट्टी?"

"शिट्टी होती होय ती? मला वाटलं तुला उचकी लागलीय."

"आणि माझी सून? तिला कडक म्हणालात ते?"

"मला ऐकू आलं, ऊन कसं वाटलं. त्या दिवशी ऊन कडकच होतं, मांडवात डोकं धरलं माझं. तुझ्या सुनेशी मी अजून धड दोन शब्द बोललेलो नाही. तिचं तोंड लहान, शब्द बारीक. मला काहीच कळत नाही ती काय बोलते. चांगली असेल."

धाकटा मग म्हणाला, "मी बायकोला काय सांगू आता? तिने घरात जाहीर केलंय, मी मेले तरी ताईच्या दारात जाणार नाही."

"सांग, भाऊजी बहिरे आहेत."

"ते ती आधीपासून म्हणतेय. शिवी म्हणून."

दोघांपैकी आधी कोण हसलं ते बाईला दिसलं नाही. पण धाकट्याने डोळ्यांवर पुन्हा पाणी मारलं, आणि या खेपेला ते फार लवकर आटोपलं.

मग ती मॅनेजरांच्या खोलीत गेली.

"नाव?" मॅनेजर म्हणाले.

"नाव नाही, साहेब. शब्द आहे. चूक शब्दाची आहे."

"म्हणजे शब्दाला कामावरून काढू?"

"हो."

तिने सगळं सांगितलं. सततच्या गोंगाटाने कानाला बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात, 'स'सारखे, शिट्टीसारखे. 'सोड'मधला 'स' गेला की उरतं 'ओड', आणि ते कानाला 'ओढ'च वाटतं. खाली म्हटलं की वर. असा शब्द जिवावरच्या कामाला ठेवणं हीच चूक. त्याऐवजी 'वर' आणि 'खाली'. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने आणि मुलीने उशीने तोंड झाकून किती शब्दांची मुंडकी उडवली होती, ते तिने सांगितलं नाही. वर आणि खाली तेवढे मुंडकं उडालं तरी वेगळे राहत होते.

"ठीक. शब्द बदला," मॅनेजर म्हणाले. "पण माणूस बहिरा आहे, हे तर खरं? मग तो साखळीवर नको. मुळात नकोच."

"मग आधी सगळ्यांचे कान तपासू, साहेब. एकट्याचे नको. तोपर्यंत साखळीवर दुसरा माणूस ठेवते, आणि गंमतराव घोडीवर. घोडीवरच्या माणसाने हाक द्यायची असते, ऐकायची नसते."

"आणि सगळेच बहिरे निघाले तर?"

तिला खरं म्हणजे त्याचीच धास्ती होती.

तपासणारे डॉक्टर आले, कानांवर मोठी यंत्रं लावून एकेकाला बंद खोलीत बसवलं. निम्म्याहून अधिक शेडला कमीजास्त तोच त्रास निघाला. करवतवाल्याचे कान तर गंमतरावपेक्षा वाईट. दोन आणि दोन चार करणारा तो माणूस, त्याला बारीक आवाज जवळजवळ येतच नव्हते. मॅनेजरांनी निकालाचा कागद घडी घालून खणात टाकला. निम्मी शेड घरी पाठवली तर लाद्या उचलायला ते स्वतः येणार होते थोडेच. गंमतरावचं नाव मग कोणी काढलं नाही. त्याची नोकरी अशी वाचली, सगळ्यांच्या कानांच्या जोरावर. यात आनंद मानावा की रडावं, हे सांभाळूनबाईला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता ती करवतींभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती मागते आहे. कानांवर लावायची झाकणंही मागते आहे. पण झाकणं लावली तर 'वर' आणि 'खाली' तरी कसं ऐकू येणार, हा नवा गुंता. साखळीपाशी लाल-हिरवा दिवा लावावा, तर दिव्याचं बटण घोडीवाल्याने पायाने दाबायचं का, आणि तेव्हा पाय कुठे असेल? एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं. मुलगी म्हणते, "आई, सोड ना आता थोडा वेळ तो विषय." ती म्हणते, "सोडला." आणि मनातल्या मनात ओढतच राहते.

धाकट्याचे कान बरे निघाले, तो साखळी शिकला. गंमतराव घोडीवरून हाका देतो. त्याचा आवाज असा खणखणीत की मास्कमधूनही शेडभर जातो. पहिल्या दिवशी सवयीने 'सो' म्हणून गेला, जीभ चावली आणि 'खाली' म्हणाला. लादी सावकाश, आज्ञाधारक पोरीसारखी फळीवर बसली. मधल्या काळात दोघी बहिणी बोलायला लागल्या. नवी सून एक दिवस सासऱ्याचा डबा घेऊन आली, तेव्हा गंमतरावच्या समोर उभी राहून, मोठं तोंड करून म्हणाली, "काका, मी कडक आहे का हो?" तो म्हणाला, "फार."

परवा सांभाळूनबाई शेडमधून जात होती. गंमतराव लादीखालची पाचर काढायला वाकत होता. तिच्या तोंडून, मास्कमधूनच, निघून गेलं, "सांभाळून."

गंमतराव सरळ उभा राहिला, पत्र्याच्या फटीतून वर बघत म्हणाला, "आभाळ ना? भरून आलंय खरं."

आसपासची माणसं हसली. तीही हसली, आणि मग थांबून त्याच्याकडे बघत राहिली. त्याला ऐकू आलं नव्हतं, की ही आपली जुनी गंमत होती? ते कळायला त्याचे ओठ दिसायला हवे होते. मास्कच्या वर नुसते डोळे होते, आणि डोळ्यांवरून तिला काही म्हणता काही कळेना.